एकाच लग्नाची दोन बोलावणी

दुबलगुंडीच्या मल्लेश्वरीचा राग लहानपणापासून नाकावर. शाळेत मास्तर म्हणायचे, “पोरींनो, पाहुणे आलेत, चहा ठेवा.” ही विचारायची, “कामून? पोरांचे हात बांधल्यात का?” चहा टळायचा, छडी टळायची नाही.

हुमनाबादला बी.एस्सी. करताना मात्र तिचा हात एकदम शांत. टायट्रेशनच्या प्रयोगात बुरेटमधून थेंब पडायचा, फिकी गुलाबी छटा आली की नळी बंद. शेजारच्या टेबलावर रेवणसिद्ध. त्याची नळी उशिरा बंद व्हायची, द्रावण दरवेळी बिटासारखं लालभडक. “रसायन करायलास का सरबत?” असं टोचत टोचत तिनंच त्याला पास केलं. पुढं दोन्ही घरांनी सोयरीक जुळवली, साखरपुडा झाला, वैशाखातली तारीख धरली. पोरगा साधा आहे, ऐकतो, एवढं तिला पुरेसं वाटलं.

तशात हुमनाबादच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये जागा निघाली. जागा एक, अर्ज दोघांचे.

आपल्याकडं पोरगी मुलाखतीला निघाली की बाप सोबत निघतो, आणि बाप सोबत असला की खुर्ची बापाला मिळते. तशी ती अमृतप्पांना मिळाली. मल्लेश्वरी उभी. मॅनेजर गुंडेराव साहेबांनी तिची मार्कशीट बघून मान डोलावली आणि प्रश्न अमृतप्पांना घातला. “लग्नाचं काय?”

गावानं हा प्रश्न विचारून अमृतप्पांना बेजार केलं होतं. आता उत्तर तयार होतं. छाती फुगवून ते म्हणाले, “ठरलंय की साहेब! वैशाखात हाय. तुम्ही घरच्यांसंग यायलाच पाहिजे.”

“येतो की.” साहेबांनी फाईल मिटली. “पण अप्पा, आम्ही शिकवायचं आणि ही निघाली सासरी. मग पाळणा. लॅब म्हणजे काय धर्मशाळा आहे?”

“सर, मला इचारा की,” मल्लेश्वरी म्हणाली. “सासर हुमनाबादातच हाय. चालत येता येतंय.”

“बाळा, मोठी माणसं बोलतायत ना?”

बापलेक बाहेर बाकावर येऊन बसले. रेवणसिद्ध आत गेला. केबिनची भिंत प्लायवूडची, दाराला पडदा. सगळं ऐकू येत होतं. खुर्ची सरकली, म्हणजे त्याला बसवलं.

“लग्न?”

“ठरलंय सर, वैशाखात. तुम्ही यायलाच पाहिजे.”

“वा! जबाबदारी आली की माणूस टिकतो. नाहीतर पोरं पळतात पुण्याला. ये सोमवारपासून.”

टायट्रेशनचं कुणी विचारलंच नाही. मांडव एक, तारीख एक, जेवणाची पंगतसुद्धा एक; पण तेच लग्न त्याच्या अंगावर दागिना आणि तिच्या अंगावर रोग.

“जाऊ दे अव्वा,” अमृतप्पा लेकीच्या कानात कुजबुजले, “आपल्याच घरात आली की नोकरी.”

मल्लेश्वरी उठली, पडदा सारून सरळ आत गेली. “साहेब, ह्यांचं लगीन कुणासंग हाय, इचारलात का?”

रेवणसिद्धानं नजर बुटात घातली. साहेबांनी दोघांकडं बघितलं आणि ते हसत सुटले. “अगं, मग रडतेस काय? पगार तुझ्याच हातात येणार!”

“रडायले का मी?” तिनं रेवणसिद्धाकडं तोंड केलं. “तू सांग. लॅबातलं काम कुणाला येतंय?”

“मल्लू... घरी बोलू की.”

घरी! तिनं बोटातली साखरपुड्याची अंगठी ओढून काढली आणि फाईलवर ठेवली.

“लगीन ठरलं की माणूस टिकतंय म्हणालात ना साहेब? ह्याचं मोडलं. आता ठेवा ह्याला. आणि माझं बी मोडलं. आता तुमची काय अडचण हाय?”

रेवणसिद्ध गडबडून उभा राहिला. साहेबांना हसू आवरायला जरा वेळ लागला. मग त्यांनी मान लांब करून पडद्याकडं बघितलं. “अप्पा, अहो अप्पा, हिला जरा समजा...”

मल्लेश्वरीनं रिकामी झालेली खुर्ची ओढली आणि बसली.

“तिकडं न्हाई साहेब. हिकडं बघून इचारा.”