सीलचा ओठ

डायवर हे काही त्याचं नाव नव्हे, पण घरीदारी सगळे त्याला तेच म्हणत आणि परवाना गेल्यावरही म्हणत राहिले. समोरून येणारे दिवे त्याला पसरून दिसायला लागले होते. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली आणि उभा जन्म स्टिअरिंगमागे काढलेला माणूस घरात बसून भाजी निवडू लागला. तेही धड जमेना. बायकोने थोडे दिवस पाहिलं आणि म्हणाली, "अक्काकडे जा."

अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. खाणीवरच्या अवजड ट्रकांचा पुढचा ॲक्सल उघडायचा तर तिच्याच गॅरेजात, असं भलेभले मिस्त्री सांगत. तिने पहिल्याच दिवशी आडपडदा न ठेवता सांगितलं, "जावईबापू, महिनाभर बघू. हात बसला तर कायमचे राहा. नाही बसला तर नात्यापायी मी कुणाच्या ट्रकशी खेळायची नाही." डायवरला दुसरीकडे कोण उभं करणार होतं? तो बाह्या सारून बसला.

चाक, ड्रम, हब उतरवून अक्काने आतला लांबलचक शाफ्ट बाहेर ओढला, तेव्हा तो बघतच राहिला. ॲक्सलच्या जाड नळीत सीलचं कडं बसवलेलं होतं आणि कड्याच्या आतल्या काठाला रबराची बारीक किनार, कानाच्या पाळीइतकी मऊ.

"हा सीलचा ओठ," अक्का म्हणाली. "आतलं तेल हा अडवतो. हा फाटला की तेल आधी या बुटात येतं आणि मग ब्रेकवर. उतारावर ब्रेकला तेल लागलं तर काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगू."

बूट म्हणजे चाक वळतं त्या सांध्यावरचं, घड्याघड्यांचं रबरी आवरण. डायवरचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याच्या अंगावर काटा आला होता. मागे दगड भरलेले, बाजूला दरी आणि तोंडात गाणं, असे किती घाट तो उतरला होता. सगळा भरवसा आपल्या हुशारीवर. आणि खाली हे एवढंसं रबर इमानेइतबारे तेल अडवून बसलं होतं, त्याला त्याची खबरबातही नव्हती. त्याने हात जोडले नाहीत एवढंच.

"दर्शन झालं असेल तर पाना द्या," अक्का म्हणाली.

तो शिकत गेला, म्हणजे आधी चुकत गेला. एकदा त्याने चाकं सरळ ठेवूनच बुटाचा पट्टा आवळला. अक्काने स्टिअरिंग पुरतं वळवायला लावलं, तर घड्या ताणून पांढऱ्या पडल्या. आधी दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवायचं, बुटाला त्याची जागा घेऊ द्यायची आणि मग आवळायचं. हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. पण सीलपाशी ती त्याला फिरकू देईना. शाफ्टच्या टोकाला धारदार दात असतात, ते नव्या ओठावर टेकता कामा नयेत. म्हणून एकाने मागून वजन पेलायचं, एकाने नळीच्या तोंडाशी बसून वाट दाखवायची. तोंडाशी कायम अक्का, मागे डायवर.

महिना भरत आला. दारात एका ट्रकचा मालक घाई करत होता. शाफ्ट आत सरकला, दात पलीकडे जाऊन बसले, अक्का उठलीसुद्धा. डायवर मात्र तिथेच थांबला. हाताला काहीतरी लागलं होतं. अगदी किंचित.

गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? आणि बोलला तर चूक त्याचीच, वजन त्याच्याच हातून खाली आलं होतं. महिन्याचा निकाल तिथल्या तिथे लागला असता.

"अक्का, दात घासले. माझा हात ढिला पडला."

"मला तर काही जाणवलं नाही."

"मला जाणवलं. काढू या."

मालक कुरकुरला. अक्का परत खाली बसली. शाफ्ट निघाला, सील निघालं. तिने ओठावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. काही नाही. डायवरने सील घेतलं. त्या डोळ्यांना काही दिसणं शक्यच नव्हतं, म्हणून त्याने ते मिटूनच घेतले. अंगठा सावकाश फिरला आणि एका जागी थांबला. त्याने अक्काचं बोट धरून तिथे टेकवलं.

तिने बोट तिथेच घासून पाहिलं. मग तिने नखाने दाबलं, तेव्हा केसाएवढी चीर उघडली.

"एवढी वर्षं मी हे करतेय," ती हळूच म्हणाली, "आणि ही मला लागली नाही." ती त्याच्या तेलकट बोटांकडे अशी बघत होती की त्यालाही ती बोटं कुणा दुसऱ्याची वाटू लागली.

नवं सील आणायला ती स्वतः गेली. परत आली ती थेट शाफ्टच्या मागच्या टोकाशी. पदर खोचला, वजन उचललं.

"बसा तोंडाशी," ती म्हणाली. "मी पेलते."