खोटी ओळ मागे घ्यायला लावणारे माणिकराव साहेब

नवा फौजदार म्हणून मी आष्टीजवळच्या ठाण्यात हजर झालो, तेव्हा निरीक्षक माणिकराव साहेब एका हवालदाराशी बोलत होते. "समोरच्या चहावाल्याला कितव्यांदा पंच केलंत? कपांपेक्षा त्याच्या सह्या जास्त झाल्यात."

"साहेब, दुसरं कोनी येतच न्हाई."

"मग लोक कावून येत न्हाईत, ते बघा की."

मी हसलो. साहेब हसले नाहीत. ही आमची पहिली ओळख.

ते वर्ष दुष्काळाचे होते. एका सहकारी सोसायटीच्या चारा छावणीतून पेंडीची पोती नाहीशी झाली. साहेब बंदोबस्तासाठी परळीला गेले होते. चेअरमनांचा मला फोन आला, "मस्कू मेंढक्याचं घर बघा." त्यांनी स्वतः काही पाहिलेले नव्हते. तरी झडतीच्या वॉरंटसाठी न्यायाधीशांकडे दिलेल्या अर्जात मी लिहिले, 'गुप्त बातमीदाराने पोती समक्ष पाहिली आहेत; चाहूल लागल्यास माल हलवला जाईल.' असा बातमीदार नव्हताच. जुन्या फायलींतून ही ओळ सगळेच उतरवून घेत, मीही घेतली. न्यायाधीशांनी विश्वासाने वॉरंट दिले.

सकाळी हाक न देताच आम्ही मस्कू आबांचे दार ढकलून पाडले. आत आबा, त्यांची आजारी बायको आणि एक कोकरू. पेंडीचा कण नव्हता. पण दुपारपर्यंत बातमी छावणीत पोहोचली आणि आबांच्या दोन गाई बाहेर काढल्या गेल्या. चोराच्या जनावरांना चारा नाही, असे सांगण्यात आले. बाहेर तर काडीही उरलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब परतले, त्यांनी कागद वाचला. "बातमीदाराचं नाव नको. नुसता माणूस दाखवा."

"साहेब, माणूस न्हाई."

काही सापडले नाही, तेव्हा तसा अहवाल देऊन प्रकरण मिटवू, असे मी सुचवले. साहेब म्हणाले, "घरात काय सापडलं ते कोर्टाला कळंल. वॉरंट आपण कसं मिळवलं, ते कोण सांगणार?"

माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. ती जाईल, असे मी म्हणालो. साहेबांनी ते नाकारले नाही. "जाऊ शकते. मी बरोबर येतो," एवढेच बोलले.

न्यायाधीशांसमोर मी ओळ खोटी असल्याचे लेखी दिले. देखरेखीची जबाबदारी आपली होती, असे साहेबांनी न विचारता सांगितले. माझा परिवीक्षा काळ वर्षाने वाढला. निवृत्तीच्या तोंडावर साहेबांच्या सेवापुस्तकात ठपका आला. त्याबद्दल त्यांनी मला आजवर एक शब्द ऐकवलेला नाही.

कोर्टातून आम्ही थेट छावणीत गेलो. साहेब सर्वांसमोर चेअरमनांना म्हणाले, "आमची बातमी खोटी होती. गाई आत घ्या." चेअरमनांनी आढेवेढे घेतले, पण ऐकणारे शेतकरी पुढे झाले आणि त्यांनीच बाहेर बांधलेल्या गाईंची दावी सोडून त्यांना आत आणले.

गाईंजवळ उभे असलेले आबा माझ्याकडे बघत म्हणाले, "पोलीस चुकला म्हनताना लई दिसांनी ऐकलं. आता दार कोन बशिवतो?"

साहेबांनी स्वखर्चाने सुतार आणला आणि चौकट धरायला मला उभे केले. आबा मागून सूचना देत होते, "सरळ धर, फौजदार! ढकलताना बरं जोर हुता!" साहेबांना प्रथमच खळखळून हसताना पाहिले.

पोती शेवटपर्यंत सापडली नाहीत. साहेब परतले नसते, तर मी आपणहून सांगितले असते का, हे रोजनिशीत मी अनेकदा स्वतःला विचारले आहे. 'हो' असे उत्तर अजून लिहू शकलेलो नाही. मात्र नंतरच्या माझ्या अर्जांत न पाहिलेला माणूस आलेला नाही, हे समाधानाने सांगू शकतो.

त्या दुष्काळात दोन्ही गाई वाचल्या, माझी नोकरीही वाचली. साहेबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. आता ते धर्मापुरीत राहतात. हातून चूक झालेला एखादा तरुण अधिकारी आजही त्यांच्या ओट्यावर बसतो आणि हलका होऊन उठतो. साहेबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आपली चूक सांगायला आम्हाला जागा लागते, आणि ती अजून पुष्कळ वर्षे लागणार आहे.