रुळांच्या वाटेवरची रानडुकरीण

माझी आणि माझ्या नवऱ्याची निम्मी भांडणं इंग्लंडच्या खेड्यावरून झाली असतील. तो गुरांचा डॉक्टर होता. लग्न करून आम्ही तिकडे गेलो तेव्हा त्याला शहरात नोकरी मिळेना, म्हणून उत्तरेकडच्या एका डोंगराळ भागात तो लागला. तिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त होत्या. निवृत्त होईपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. मी फिरत्या वाचनालयाच्या गाडीवर काम करायचे. गावोगाव पुस्तकं द्यायची, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांशी चार शब्द बोलायचे आणि दोन गावांच्या मध्ये कुठेतरी गाडी थांबवून डबा खायचा. त्या डबा खाण्याच्या वेळात मला तो मुलूख आवडायला लागला. पुढे तो माझा छंद झाला, आणि नवऱ्याच्या मते खूळ.

मला तिथल्या बहुतेक रानफुलांची नावं यायची. दुसऱ्याच्या शेतातून जाणाऱ्या जुन्या पायवाटेवर कुणीही चालू शकतो, हा त्या देशाचा मला सगळ्यात आवडलेला कायदा. अशा वाटेवर मुद्दाम बैल बांधून ठेवणाऱ्या शेतकऱ्याशी मी साडी नेसून भांडलेली आहे. ऐन वसंतात, आत घरटी असताना, काटेरी झुडपांची कुंपणं छाटणाऱ्यांना मी आजही माफ करणार नाही. शनिवार-रविवारी शहरातून येणारे, कोरे बूट घालून फाटकं उघडी टाकून जाणारे लोकही मला चालत नसत.

नवरा हे सगळं ऐकून घ्यायचा आणि हात धुता धुता म्हणायचा, "तुझ्या त्या फुलांच्या कुरणात आज मी मेलेलं वासरू तुकडे करून गाईच्या पोटातून काढलं. तो कारखाना आहे गं. वरून हिरवा रंग मारलाय एवढंच."

"मग सोडून जाऊ या शहरात," मी म्हणायचे.

"आणि तिथे काय करू? मांजरांना गोळ्या देऊ?"

जिथे भांडण्यात अर्थ उरला नाही, असं एक वर्ष मात्र आलं. लाळ-खुरकुताची साथ आली, जनावरांच्या तोंडाला लाळ सुटते आणि खुरं दुखून ती लंगडतात तो रोग. रोग झालेली जनावरं मारायचीच होती, पण शेजारच्या शेतातली, काहीही न झालेली जनावरंही मारायचा हुकूम होता. त्या कामाला सरकारी डॉक्टर पुरेनात, म्हणून याच्यासारख्यांनाही लावलं. ज्या गाईंची बाळंतपणं याने केली होती, त्याच गाई. सकाळी जायचा आणि संध्याकाळी परत आला की अंगणातल्या नळाखाली अंग धुवायचा, थंडी असो काही असो. कपडे तिथेच जाळायचा. दाराशी जंतुनाशकाचा टब ठेवलेला असायचा, त्यात पाय बुडवल्याशिवाय मला नि मुलीलाही आत येऊ द्यायचा नाही.  मी फिरायला जाणं बंद केलं, कारण वाटाही बंद होत्या आणि डोंगरावर धूर होता. साथ संपल्यावर त्याने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही. आमच्याकडे तशी पद्धतच पडून गेली.

म्हातारपणी त्याचं विसरणं सुरू झालं. आधी गाडीच्या किल्ल्या, मग रस्ते, मग शेजाऱ्यांची नावं. एकदा तो एका शेतकऱ्याच्या गोठ्यात जाऊन उभा राहिला. तो गोठा विकून तिथे सुट्टीतली घरं झाली होती, आणि आतल्या बाईने पोलिसांना बोलावलं. त्यानंतर आमची मुलगी सिंगापूरहून आली, घर विकायला लावलं आणि आम्हाला घेऊन गेली. ती आणि जावई दोघंही इथे नोकरी करतात. बुओना व्हिस्टाला त्यांचा कॉन्डो आहे, बराच वरच्या मजल्यावर. आम्ही तिच्या आधारावर लाँग टर्म व्हिजिट पास घेऊन राहिलो.

सिंगापूर हिरवं आहे असं सगळे म्हणतात. आहे. पण इथलं गवत रोज भादरलेलं असतं. झाडांच्या बुंध्यांवर नंबराच्या पट्ट्या असतात. पानं पडायच्या आत माणसं पाठीवर वारा मारायचा भोंगा लावून ती उडवायला हजर. पहिले काही महिने मला ते बघून गुदमरायला व्हायचं. मुलीला बोलले तर ती म्हणाली, "आई, डेंग्यू होतो पानं साचली की. तुला रोमँटिक वाटतं, लोक मरतात." बापाचीच मुलगी ती.

मग जावयाने मला रुळांची वाट दाखवली. पूर्वी इथून मलेशियाला रेल्वे जायची. ती बंद झाली, रूळ काढले, आणि त्या जागी लांबच लांब वाट उरली. दोन्ही बाजूंना झाडी, वेली, उंच गवत, चिखल. मला पहिल्यांदा चिखल दिसला तेव्हा बरं वाटलं. मी नवऱ्याला रोज सकाळी तिथे घेऊन जाऊ लागले. घरात तो अस्वस्थ असायचा, येरझाऱ्या घालायचा, लिफ्टची बटणं दाबत बसायचा. वाटेवर आला की शांत व्हायचा. माझा हात धरून चालायचा. हे त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

साधारण त्याच सुमारास तो परत दारात टब भरून ठेवायला लागला. नातीच्या लहानपणचा आंघोळीचा टब त्याने कपाटातून शोधून काढला, त्यात फरशी पुसायचं फिनेल ओतलं, पाणी घातलं आणि दारात ठेवलं. ऑफिसमधून आलेला जावई न बघता बुटांसकट त्यात पाय टाकून उभा राहिला. जावई चिडला नाही, पण बूट काढून बराच वेळ बाथरूममध्ये होता. मुलीने टब माळ्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी त्याने बादली ठेवली.

"बाबा, इथे कुठली जनावरं आली?" मुलगी म्हणाली.

"शेजारच्या शेतात आलंय," तो म्हणाला. "तुला कळत नाही. आधी पाय बुडव."

नात बारा-तेरा वर्षांची आहे, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत देते. ती चप्पल काढून बादलीत पाय बुडवून आत आली आणि आईला इथल्या इंग्रजीत म्हणाली, "जस्ट डू इट, ला. ही इज स्केअर्ड." त्यानंतर आम्ही सगळेच बुडवायला लागलो. फक्त फिनेलच्या जागी साधं पाणी ठेवायला लागलो. तो वास घेऊन बघायचा आणि बादली सरळ करून ठेवायचा.

एक दिवस सकाळी नुकताच पाऊस पडून गेला होता. वाट ओली होती, माणसं कमी होती. वळणावर गवत हललं आणि एक रानडुकरीण बाहेर आली. तिच्या मागे पिल्लं, पट्ट्यापट्ट्यांची. मी थांबले. इथे रानडुकरं आहेत हे ठाऊक होतं, सूचनांचे फलकही लागलेले होते, पण इतक्या जवळून मी पाहिली नव्हती. ती एका पुढच्या पायावर लंगडत होती आणि दात कटाकटा वाजवत होती. तोंडाला फेस आला होता.

"थांब," नवरा म्हणाला. "तिचं तोंड बघ. लाळ."

"चिडलीय ती. चल मागे, हळूहळू."

"पुढचा पाय टेकत नाहीये. खूर बघायला हवा."

कित्येक महिन्यांनी त्याचा आवाज इतका स्पष्ट आला. शेतकऱ्यांशी बोलायचा तो आवाज, घाई नसलेला. डुकरीण बिथरली की असाच फेस आणते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर एकच रोग होता. त्याने माझा हात सोडला. मी त्याची बाही धरली, ती त्याने शांतपणे सोडवून घेतली, जशी मध्ये आलेल्या गाईच्या मालकिणीची सोडवायची तशी. आणि खाली वाकून, घशातून एक बारीक आवाज काढत, तो पिल्लांच्या बाजूने तिच्याकडे गेला.

मी ओरडले. त्याने मागे वळून पाहिलं नाही. डुकरिणीने एकदाच मान खाली घातली आणि ती त्याच्या अंगावर आली. तो पडला. तिने मांडीला धरलं, झटका दिला, परत धरलं. मी हातातली छत्री तिच्या पाठीवर मारत होते आणि ती छत्री वाकत होती. धावायला आलेला एक चिनी माणूस ओरडत, हात हलवत पुढे आला, तेव्हा ती सोडून झाडीत गेली. पिल्लं तिच्या मागे. त्या माणसाने अंगातला टीशर्ट काढून मांडीला घट्ट बांधला आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला. नवरा आकाशाकडे बघत होता. "जनावराला धरा," तो म्हणत होता. "तपासल्याशिवाय सोडू नका."

हॉस्पिटलमध्ये जखम शिवली. माती फार आत गेली होती. ताप आला, उतरला, परत आला. पडून पडून छातीत कफ साठायला लागला. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, ते मला सांगायची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात एक तरुण सरकारी अधिकारी बाई आली. फार सभ्य. जागा नेमकी कुठे, पिल्लं किती, मादी लंगडत होती का, असं विचारत गेली. मी सगळं सांगितलं. वळण सांगितलं, गवताचा पट्टा सांगितला, ती कुठल्या बाजूला पळाली तेही. मला यात काही वाईट वाटलं नाही. ज्या वाटेवर लोक मुलं घेऊन फिरतात तिथे माणसावर धावलेलं जनावर ठेवता येत नाही. निसर्गाची आवड असणं म्हणजे हे न कळणं नव्हे. काही दिवसांनी तिचा फोन आला. सापळे लावून मादी आणि पिल्लं पकडली आणि सगळी मारली. मादीच्या खुरात तार रुतलेली होती, बाकी काही नव्हतं.

"पिल्लं कशाला मारली?" मुलगी म्हणाली आणि हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये रडायला लागली. बापासाठी ती तोपर्यंत रडली नव्हती.

त्या दुपारी नवरा जागा होता. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"डुकरीण कुठाय?" त्याने विचारलं.

"गेली. झाडीत गेली पिल्लं घेऊन."

"कुणी तपासलं का?"

"तपासलं. रोग नव्हता. पायात तार रुतली होती, ती काढली."

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. खोटं बोलणाऱ्या शेतकऱ्याकडे तो असाच बघायचा, हे मी कितीतरी वेळा पाहिलं होतं.  त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "रोग नसताना मारायचं नसतं." मग इंग्रजीत एका शेताचं नाव घेतलं, आणि दुसऱ्या एका. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. तो नावं घेत राहिला. त्यातली बरीचशी शेतं माझ्या ओळखीची होती, माझी गाडी तिथे थांबायची. इतक्या वर्षांत त्याने मला त्या साथीची ती यादी कधी सांगितली नव्हती आणि आता तो मला सांगतही नव्हता.

त्यानंतर तो नीट बोलला नाही. श्वास जड होत गेला आणि एका सकाळी, मुलगी कॅन्टीनमधून कॉफी आणायला गेली असताना, थांबला. मी घंटी वाजवली नाही. मुलगी येईपर्यंत तशीच बसले. अंत्यसंस्कार इथेच केले. जावयाने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या टॅम्पिनीसहून एक गुरुजी आणले होते, मंत्र घाईने म्हणणारे. मला त्यांचा राग आला नाही, त्यांना नोकरीवर संध्याकाळची शिफ्ट होती.

तिकडच्या काही लोकांनी फोन केले. एक जुना मेंढपाळ होता, आता पार थकलेला. त्याच्या सगळ्या मेंढ्या त्या साथीत माझ्या नवऱ्याने मारल्या होत्या. नंतर त्या माणसाने मेंढ्या पाळल्याच नाहीत. मला वाटायचं तो आमच्याशी बोलत नाही तो त्या रागाने. फोनवर म्हणाला, "तुझ्या नवऱ्याने त्या दिवशी मला घरात बसायला सांगितलं. सगळं झाल्यावर स्वतः दारात आला आणि म्हणाला, झालं. मग पायरीवर बसला. मी त्याला चहा दिला नाही. द्यायला हवा होता." मी म्हटलं, तो असा चहा पिणाऱ्यातला नव्हता. खरं तर तो कुठेही चहा प्यायचा. पण त्या माणसाला आणखी काय सांगणार.

आता मुलगी मला एकटीला रुळांच्या वाटेवर जाऊ देत नाही. मला जायचंही नसतं. संध्याकाळी मी खाली कॉन्डोच्या स्विमिंग पूलभोवती चकरा मारते. तिथे एक फिलिपिनो मदतनीस बाई एका चिनी आजोबांना चाकाच्या खुर्चीतून आणते. आम्ही एकमेकींना मान हलवतो. पुढच्या वर्षी माझा पास परत वाढवून घ्यावा लागेल. मुलीने विचारलं, आई, तुला परत जायचंय का इंग्लंडला. मी म्हटलं, कुणाकडे जाऊ?

नातीने वाढदिवसाला इथल्या झाडांचं पुस्तक आणून दिलं, चित्रांचं. चांगलं आहे. मी ते चाळलं, दोन-चार नावं वाचली. तिला वाटतं मी शिकते आहे. रोज विचारते, आजी, आज कुठलं झाड? मी चित्रात बघून एखादं नाव सांगते. दुसऱ्या दिवशी मला ते आठवत नाही, आणि आठवावं असंही वाटत नाही.