तोंडी सूट

आमच्या बाबांकडे मोताळ्यात शिवणयंत्रांची एजन्सी होती. तिची ऐट काय सांगू! दुकानावर कंपनीची निळी पाटी आणि मुंबईहून आलेला करारनामा, त्यात अटीच अटी. एक अट तर अशी, की वाचून हसावं की रडावं: दुसऱ्या कंपनीचं मशीन दुकानात ठेवायचं नाही, दुरुस्तीलासुद्धा नाही. लिहिणाऱ्या शहाण्यानं मोताळ्याचा बाजार जन्मात पाहिला नसणार. बाजाराच्या दिवशी लोक बैलगाडीत घालून मिळेल त्या कंपनीचं मशीन आणत. त्यांना काय सांगायचं, तुमचं मशीन परजातीचं आहे, परत न्या? असा परत गेलेला माणूस नवीन मशीन घ्यायला आमच्या दारात कशाला येईल!

बाबांनी ही अडचण कंपनीच्या साहेबाला सांगितली. दुकानामागेच आमचं घर, आणि हा साहेब दर दौऱ्याला आमच्याकडेच जेवायचा. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर हाणत म्हणाला, "करा हो शेठ, बिनधास्त करा दुरुस्ती. ती अट तुमच्यापुरती सोडली समजा." मी तिथेच पाणी वाढत होते. बाबांनी मान डोलावली. लिहून द्या म्हणाले नाहीत. आमच्याकडे पानावर बसलेल्या माणसाजवळ कागद मागणं म्हणजे त्याचा अपमान, आणि हे त्या लबाडाला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या दौऱ्यांतही दुकानात खोलून ठेवलेली परकी मशिनं त्यानं पाहिली, आणि ढेकर देऊन गेला.

काही वर्षं असंच चाललं. मग मलकापूरच्या एका बड्या दुकानदाराला आमचा भाग हवासा झाला, आणि कंपनीला एकाएकी ती अट आठवली. या खेपेला नवाच साहेब आला, पँटची इस्त्री सांभाळत. मशिनं पाहिली आणि म्हणाला, करार मोडलाय, एजन्सी बंद.

"तुमच्याच सायबानं सूट देल्ली होती न," बाबा म्हणाले.

"लेखी आहे का? कंपनीनं कधी काणाडोळा केला म्हणून अट माफ होत नाही, हे करारातच आहे. आणि त्यांना तर असं काही बोलल्याचं आठवतही नाही."

आतून आईचा आवाज आला, "जेवल्याचं तरी आठवते का त्याले?"

साहेबानं ऐकलं न ऐकलंसं केलं आणि दुसरा कागद काढला. एजन्सी कशानंही बंद झाली तरी आम्हाला तीन महिन्यांची मुदत देणं कंपनीवर बंधनकारक होतं. मलकापूरवाल्याला मात्र घाई. म्हणून बाबांनी मुदतीचा हक्क आपखुशीनं सोडला, असं लिहून आणलेलं! आपखुशीनं! काय पण निलाजरेपणा! आणि बाबांनी पेन उघडलंसुद्धा. दारात आलेल्याला नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

परक्या पुरुषासमोर कधी न बोलणारी माझी आई बाहेर आली. "सही करू नका. मुदत सोडली म्हनून तोंडानं सांगा त्याईले, अन् जाऊ द्या."

"बाई, तोंडी कसं चालेल?"

"काऊन? आमाले तं चाललं न इतके वर्सं."

बाबांनी पेन बंद केलं. साहेब पाय आपटत गेला.

पण एजन्सी वाचली वगैरे काही नाही. मुदत संपली आणि मलकापूरवाल्याचा माणूस पाटी काढायला आला. मी तोंड फिरवून आत बसले होते. बाहेर आले तर बाबा खाली उभं राहून त्याची शिडी धरताहेत.

"काऊन धरता हो त्याची शिडी?" मी ओरडले.

"जमीन वरखाली हाये पोरी. पडला असता न तो."

आणि कंपनी म्हणे, करार ह्या माणसानं मोडला!