शिकार झाली की मागायचं

कतारमधल्या दुहैलच्या त्या घरात मी स्वयंपाकाला होते. घर म्हणजे मोठं कंपाउंड. पुढे पुरुषांची बैठक, मागे बायकांचं घर, त्याच्या मागे किचन आणि किचनला लागून माझी खोली. घरमालक म्हातारे होते. आम्ही नोकरमाणसं त्यांना बाबा म्हणायचो. तिकडे तशी रीतच आहे, त्यात माया वगैरे काही नसते.

घरवाला वारला तेव्हा मी कतारला गेले. मागे रत्नागिरीजवळच्या गावात माझा एकच मुलगा राहिला. तो मासेमारीच्या ट्रॉलरवर खलाशी होता. एका वर्षी त्यांच्या बंदरातली एक बोट बुडाली आणि त्यातली माणसं मिळालीच नाहीत. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं, ह्याला पाण्यावरून काढायचा आणि कतारला आणायचा. त्यासाठी बाबांच्या नावावर एक व्हिसा निघायला हवा होता. ड्रायव्हरचा, माळ्याचा, फरशी पुसणाऱ्याचा, कसलाही चालला असता.

घरचा ड्रायव्हर रायगडकडचा, आमच्यासारखाच कोकणी मुसलमान. त्याला मी एकदा म्हटलं, की उद्या सकाळी कॉफी नेताना बाबांना विचारते. तो हसायला लागला.

"खाला, असं मागू नका. असं मागितलं तर बाबा इन्शाल्ला म्हणतील. आणि एकदा इन्शाल्ला म्हणाले की समजा गेलं."

"मग कसं मागायचं?"

"शिकार झाली की मागायचं."

बाबा दर हिवाळ्यात ससाणे घेऊन परदेशात शिकारीला जायचे. हा ड्रायव्हर त्यांच्याबरोबर गेलेला होता. हुबारा नावाचा पक्षी असतो, कोंबड्यापेक्षा मोठा, लांब मानेचा, मातीच्या रंगाचा. त्याच्यावर ससाणा सोडायचा. मोसमातला पहिला हुबारा पडला की बाबांचं मन मोकळं व्हायचं आणि तळावर असलेल्या कोणीही काहीही मागितलं तरी ते नाही म्हणत नसत. माळ्याच्या भावाचा व्हिसा तसाच निघाला होता. ड्रायव्हरला स्वतःला बहिणीच्या लग्नाला दोन महिन्यांची रजा तशीच मिळाली होती. पण त्या शिकारीला फक्त पुरुष जायचे. मी दुहैलला बसून काय मागणार होते?

मग एका वर्षी बाबांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी त्यांचं विमान बंद केलं. हे दोन हजार सालानंतरचं. बाबा चिडून बोलेनासे झाले. तेव्हा त्यांच्या मोठ्या मुलाने ठरवलं की शिकार कतारमध्येच करायची. मोठा मुलगा ऑफिसात काम करणारा, त्याला ससाणा हातावर घेणंसुद्धा नको वाटायचं. त्याने एक कंत्राटदार गाठला. शिकारीचे कॅम्प लावून देणं हाच त्या माणसाचा धंदा होता. तंबू, गालिचे, जनरेटर, गरम पाणी, पायांचे ठसे ओळखणारा वाटाड्या, सगळं त्याचं. आपण फक्त ससाणा घेऊन जायचं. बैठकीत येऊन तो फोटोंचा अल्बम दाखवून गेला. ड्रायव्हर तेव्हा दारात उभा होता. तो मला म्हणाला, "खाला, तो असं बोलत होता की पक्षी जसे काही त्याच्या पगारावर आहेत."

ह्या वेळी घरातल्या बायकाही जाणार होत्या, म्हणून मलाही जायचं होतं. मी फोनवर मुलाला सांगितलं. सांगायला नको होतं असं आता कोणी म्हणेल. आई मुलाला नाही सांगणार तर कोणाला सांगणार? दुसऱ्या दिवशी तो बोटीवर गेलाच नाही. बोट चालवणाऱ्या तांडेलाला जाऊन सांगून आला, की आपण आता कतारला चाललो, दुसरा माणूस बघा. मला हे शेजारणीकडून कळलं.

कॅम्प पार उत्तरेला, मदिनत अश शमाल गावाच्या अलीकडे होता, रस्ता सोडून आत. वाटेत लुसैलच्या बाजूला तेव्हा नुसती वाळू होती, तिथून पुढे तर काहीच नव्हतं. तंबू छान होते, ते खोटं कशाला बोलू. बाकी जे जे सांगितलं होतं त्यातलं एकेक गळत गेलं. गरम पाण्याचं मशीन पहिल्याच सकाळी बंद पडलं आणि मी सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी गॅसवर तापवत बसले. जनरेटर माझ्या किचनच्या तंबूला चिकटून ठेवलेला. त्याच्या धुराचा वास भाताला यायचा. वारा सुटला की भातात वाळू. मामा, म्हणजे घरमालकीण, पहिल्या घासाला थांबल्या, दातांत काहीतरी कचकन वाजलं, आणि मग माझ्याकडे न बघता जेवत राहिल्या.

जिथे दुसरं कोणी येत नाही अशी जागा असं कंत्राटदार म्हणाला होता. आमच्या समोरच्या टेकाडापलीकडे आणखी तीन कॅम्प होते. पोरं चार चाकांच्या मोटारसायकली घेऊन दिवसभर घुमायची. वाटाड्या खाली बघायच्या ऐवजी मोबाइल वर धरून रेंज शोधत फिरायचा.

बाबा पहाटेची नमाज झाली की ससाणा हातावर घेऊन गाडीत बसायचे. त्यांचा हात थरथरायचा आणि तो पक्षी त्या थरथरीवर तोल सांभाळत बसलेला असायचा. दुपारी गाडी परत यायची. मी कांदा चिरता चिरता ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायचे.

"काय?"

"एक ससा."

"सशावर चालत नाही का?"

"सशावर व्हिसा नाही मिळत, खाला. सशावर फार तर एक शुक्रवार सुटी."

पुढे ससाही मिळेना. बाबा जेवताना दोन घास घेऊन ताट सारायचे. मोठा मुलगा कंत्राटदाराशी तंबूमागे हळू आवाजात भांडायचा. कंत्राटदार म्हणायचा, वारा बदलला की पक्षी येतील. वारा रोज बदलायचा. मी दर शुक्रवारी मुलाला फोन करायचे, कॅम्पवर आल्यावर ते जमत नव्हतं. ड्रायव्हर मदिनतला पाण्याच्या बाटल्या आणायला गेला की तिथून माझ्या मुलाला फोन लावायचा आणि निरोप आणायचा. निरोप एकच होता, काय झालं?

मग एका संध्याकाळी कंत्राटदाराची पिकअप आली. तिच्यातून कापडाने झाकलेला खोका उतरला आणि माझ्या तंबूमागे आला. मोठा मुलगा आत येऊन म्हणाला, "ह्याला काहीतरी खायला घाल. आवाज करता कामा नये. आणि बाबांना बोलायचं नाही."

मी कापड उचललं. आत हुबारा होता. मी तोपर्यंत बघितला नव्हता, पण ड्रायव्हरने सांगितला होता तसाच होता. लांब मान, गळ्यावर काळी पिसं. मी उकडलेलं अंडं कुस्करून आणि सॅलडचा पाला घेऊन हात आत घातला. टोचेल म्हणून बोटं आखडून धरली होती. त्याने बोटांमधून अंडं उचलून खाल्लं आणि आणखी मागायला मान पुढे केली. रानातला पक्षी असं करत नाही. हा कुठल्यातरी फार्मवर माणसाच्या हातून खाऊन वाढलेला होता.

ड्रायव्हर मागे उभा होता. तो म्हणाला, "हा तर आपल्यासारखाच. खाणं दिलं की मान पुढे."

"तुझी असेल," मी म्हटलं. "तू गप्प राहशील ना?"

"मला काय पडलंय. तुमचं काम झालं म्हणजे झालं."

मला तेव्हा काही वाईट वाटलं नाही, आताही वाटत नाही. पक्षी रानातला असो नाहीतर खोक्यातला, पडला की बाबा खूश, आणि बाबा खूश झाले की मला मागायचं होतं. मी त्याला रात्री आणखी एक अंडं दिलं.

सकाळी बाबांना खुर्ची बाहेर टाकून बसवलं. मोठा मुलगा त्यांना म्हणाला, वाटाड्याला इथेच जवळ पायांचे ठसे दिसलेत, आज गाडीत हिंडायचं काम नाही. बाबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. तिकडे कंत्राटदाराच्या माणसांनी टेकाडाआड पक्षी सोडला.

मी भांडी धुऊन पाणी फेकायला बाहेर आले होते. हुबारा टेकाडावर चढून आला आणि उभा राहिला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग चालायला लागला. उडाला नाही, पळाला नाही, चालत आला, आपल्या घरी जावं तसा. माझ्या हातात पातेलं दिसलं म्हणून असेल, तो थेट किचनच्या तंबूकडे यायला लागला. कंत्राटदाराचा माणूस डोक्यावरचा रुमाल काढून त्याला हाकलत मागून धावला. पक्षी दहा पावलं बाजूला झाला आणि पुन्हा वळून माझ्याकडे.

बाबांनी दुर्बीण खाली घेतली. ती लागतच नव्हती, पक्षी एवढा जवळ आला होता. त्यांच्या हातावर ससाणा होता, डोळ्यांवरची टोपी अजून तशीच. त्यांनी ती काढली नाही. मग मोठ्या मुलाने त्यांच्या हातावरून ससाणा घेतला, टोपी ओढली आणि हात उचलला. त्याला ते नीट येतही नव्हतं. पण ससाण्याला शिकवावं लागत नाही. माझ्या पातेल्यापासून गॅसच्या टाकीपर्यंत जेवढी जागा होती तेवढ्यात सगळं उरकलं. माझ्या सलवारवर रक्त उडालं. मोठा मुलगा सुरी घेऊन धावत आला, बिस्मिल्ला म्हणून त्याने मान कापली.

"मबरूक, मबरूक," कंत्राटदार टाळ्या वाजवत म्हणाला. आणखी दोघांनी वाजवल्या.

ड्रायव्हर गाडीपाशी उभा होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. पण मला वाटलं, आता नाही तर पुन्हा कधी? पुढच्या हिवाळ्यापर्यंत बाबा राहतील असं काही त्यांच्या तोंडावरून दिसत नव्हतं. मी पातेलं खाली ठेवलं, हात पुसले आणि खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. मला जी मोडकीतोडकी अरबी यायची तिच्यात म्हटलं, "बाबा, शिकार झाली. माझ्या मुलाला एक व्हिसा द्या."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नव्हते. मला वाटतं, त्या सकाळी त्यांच्याशी सरळ बोललेली मी एकटीच होते.

"ही मी केलेली शिकार नाही," ते म्हणाले. "ज्याने विकत आणली त्याच्याकडे माग."

मग उठले. मोठ्या मुलाला म्हणाले, "खलास. घरी."

तंबू उतरवायला दुपार झाली. तेवढ्यात मोठ्या मुलाने तो पक्षी शिजवायला लावला. मी सोलला. आत पिवळी चरबी होती, बसून खाणाऱ्या कोंबडीसारखी. भातावर घालून वाढला. कंत्राटदाराने खाल्ला, बाबांच्या मुलांनी खाल्ला, ड्रायव्हरने खाल्ला. बाबांनी रोटी आणि ताक घेतलं.

वाढताना मी मोठ्या मुलाला म्हटलं, "बाबांनी तुमच्याकडे मागायला सांगितलंय."

"काय?"

"मुलाचा व्हिसा."

त्याने हाड चोखून ताटात ठेवलं. "इन्शाल्ला," तो म्हणाला.

ड्रायव्हर खाली बघून जेवत राहिला.

बाबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. मोठ्या मुलाने जेवण बाहेरच्या कंपनीकडून मागवायला सुरुवात केली आणि मला काढलं. मी दुसऱ्या एका घरी आणखी काही वर्षं काढली. तिथे कोणी शिकार करत नव्हतं, आणि व्हिसाही कोणी दिला नाही.

इकडे तांडेलाने मुलाला परत घेतला नाही. गावभर कतारला चाललो म्हणून सांगितलेलं, त्याचीही लाज. तो दुसऱ्या बंदरातल्या एका जुन्या बोटीवर गेला. तिचं जाळं ओढायचं मशीन खराब होतं. एका फेरीत दोरी गुंडाळताना त्याचा उजवा हात त्यात ओढला गेला. अंगठा राहिला, बाकीची बोटं गेली. बोटीवर मग काम उरलं नाही.

आता मी गावी त्याच्याजवळ राहते. तो डाव्या हाताने जेवतो. आमच्यात डाव्या हाताने जेवत नाहीत, पण त्याला कोण बोलणार? माशाचे काटे मी काढून देते. लोकांना तो सांगतो, की आईने इतकी वर्षं तिथे काढली पण माझ्यासाठी तोंड म्हणून उघडलं नाही. मी ऐकते. एकदा ऐकून घेतलं नाही आणि त्याला सगळं सांगितलं, खोका, अंडं, पक्षी चालत आला ते, सगळं. त्याने जेवण थांबवलं नाही.

"मग त्या पक्ष्याचं काय केलंत?" त्याने विचारलं.

"शिजवला."

"खाल्ला?"

"खाल्ला. म्हातारा सोडून सगळ्यांनी."

"मग शिकारच झाली की," तो म्हणाला. "तेवढं धरून बसायचं होतंस. पुन्हा मागायचं होतंस."

"कोणाकडे? म्हातारा जेवला नव्हता."

"तुला काय त्याचं?"

मला खरंच त्याचं काही नव्हतं. पण ती त्याने केलेली शिकार नाही, हे म्हाताऱ्याने बरोबर सांगितलं होतं. मुलाच्या ताटात बांगड्याचा तुकडा उरला होता, त्याचे काटे काढून मी त्याच्या पुढे सारला. तो खाऊन उठला.