नाळेसाहेब

आमच्या गावचे नळ, दिव्याचे खांब, गटारी, सगळं नाळेसाहेबांच्या मालकीचं होतं. निदान त्यांना तसं वाटायचं. ते नगरपालिकेचे ओव्हरसियर. दिवा लागला की "माझा खांब", गटार तुंबली की "जनतेची गटार". दाखवायचं ते छत्रीच्या टोकानं. वाकून काही बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

आडनाव वेगळंच होतं. पण कुणीही परवाना मागायला गेलं की मान वर न करता ते म्हणायचे, "नाळे बर्री." कानडीत नाळे म्हणजे उद्या, बर्री म्हणजे या. हुमनाबादकडच्या त्या गावात हे शेंबड्या पोरालाही कळायचं. माझ्या आईला कळलं नाही. ती उदगीरची, आणि वडिलांची बदली होऊन आम्ही नुकतेच तिथं आलो होतो.

दुखरा गुडघा घेऊन चौकातून पाणी भरणारी आई घरच्या नळाचा परवाना मागायला एकटीच गेली आणि फुलून परतली. मी शाळेतून आले तर अंगणात गवंडी.

"साहेब नळ म्हणाले गं! एका शब्दात काम झालं. ओटा तरी नको का नळाखाली?"

तो शब्द कुठला होता ते मला एव्हाना शाळेत कळलं होतं; मी सांगितलं. ती ओल्या सिमेंटकडे बघत राहिली.

पुढच्या खेपेला तिनं मला सोबत नेलं. मी स्वतः लिहिलेला इंग्रजीतला अर्ज पुढे केला. साहेब खूश झाले. "इंग्लिश भारी हाय पोरीचं. नाळे बर्री."

आमच्या दारी मात्र ते न बोलावता आले. ओट्यावर छत्री आपटली.

"अक्का, हे कामून बांधलाव? परवाना हाय का?"

"नळासाठी हाय, साहेब."

"नळ कुठंय?"

"तुमच्यापाशी."

विनोद त्यांना कळला नाही. ओटा बेकायदा ठरला. तो फोडायला माणसं नाळे येणार होती. अर्थात तीही आली नाहीत. साहेबांच्या आळसाचा आम्हाला झालेला तेवढाच फायदा. चौकातली रांग वाढत गेली, आईचा गुडघा सुजत गेला.

त्यांच्या निरोपसमारंभात अध्यक्ष म्हणाले, "साहेबांची नजर कायम उद्यावर होती." मागं बसलेल्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. साहेबांनी हसून हार नीट केला.

नव्या ओव्हरसियरनं अर्ज वाचला आणि सही केली. बस्स, एवढंच काम होतं ते.

एका सकाळी ओट्यावर धार पडली. आई लंगडत बाहेर आली, पाण्याखाली हात धरून उभी राहिली आणि ओरडली, "पोरी, पळत ये! नाळे आलं गं, नाळे आलं!"