झाडलं तेवढं अंगण

"थांब. इथून माहं लागते."

एका हातात खराटा, दुसरा हात चौकातल्या पोलिसासारखा आडवा. मी मोटरसायकल जागच्या जागी थांबवली आणि खाली बघितलं. दगड नाही, कुंपण नाही, बाभळीची एक फांदीसुद्धा नाही. माझ्या मागच्या चाकाखाली सागाची वाळलेली पानं होती आणि पुढच्या चाकाखाली नव्हती, एवढाच काय तो फरक. पण बाई अशी ठाम उभी होती की मी गाडी हातभर मागे घेतली आणि मगच शाळा कुठे आहे ते विचारलं. शाळा तिच्या पाठीमागेच होती.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या डोंगरात कोलाम लोकांच्या ज्या छोट्या वस्त्या आहेत, त्यांना पोड म्हणतात. आमच्या पोडावर पस्तीसेक घरं आणि एक द्विशिक्षकी शाळा. त्यातला एक मी; दुसरा शिक्षक बहुतेक वेळा कागदावरच असायचा. एसटी खालच्या गावापर्यंत येते, पुढे चढ. ग्रामपंचायत खाली, दवाखाना खाली, रेशन दुकानही खाली. वर फक्त माणसं आणि सागाचं जंगल.

तिचं नाव मी सांगणार नाही. पोड तिला बुढी म्हणायचं, मी आजी म्हणायचो. ती मात्र झाडून सगळ्यांना 'तू' म्हणायची. मला, ग्रामसेवकाला, आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही. "तू बूट काढून ये, आताच झाडलं," असं तिनं त्यांना सुनावलं आणि साहेबांनी मुकाट्यानं बूट काढले. शाळेचा शेरा त्या वर्षी बरा मिळाला.

नवरा फार पूर्वी वारलेला, एकुलती एक लेक पैनगंगेपलीकडे दिलेली. बुढी एकटीच राहायची आणि दिवसातून दोनदा अंगण झाडायची. खराटा स्वतः बांबूच्या काड्यांचा बांधायची. सागाचं पान पत्रावळीएवढं असतं आणि हिवाळा सरता सरता ते असं गळतं की सकाळी झाडलेलं दुपारी दिसेनासं होतं. मी एकदा म्हटलं, "आजी, एवढं कशाला झाडता? पानगळ संपली की एकदाच झाडा."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला जमीन विकून टाक म्हणालो होतो.

आणि खरंच मी तेच म्हणालो होतो. पोडाचा कायदा मला हळूहळू कळत गेला. ज्याचा खराटा जिथवर फिरतो, तिथवर त्याचं. दोन घरांच्या मध्ये पायवाटेपुरती पानं पडलेली ठेवायची, ती कुणाचीच नाहीत. शेजारच्या मुलाचं लग्न झालं आणि त्याला वेगळी झोपडी घालायची होती, तेव्हा बुढीनं आपल्या अंगणाची चार हात पट्टी झाडणं सोडून दिलं. तीन दिवस पानं साचली. चौथ्या दिवशी सकाळी नवी सून खराटा घेऊन आली, ती पट्टी झाडून गेली, आणि जागा तिची झाली. ना तलाठी, ना मुद्रांक, ना साक्षीदार. सगळं पोड बघत होतं, तेवढं पुरे.

भांडणंही व्हायची. पलीकडच्या एका गड्यानं रोज वीतभर पुढे झाडत झाडत तिच्या अंगणात शिरकाव केला. बुढी ओरडली नाही. तिनं जंगलातून दोन टोपल्या पानं आणून त्याने चोरलेल्या पट्टीवर नीट पसरली आणि दारात बसून राहिली. पोड महिनाभर हसत होतं. तो गडी मान खाली घालून जायचा.

शाळेचं आवारही तीच झाडायची. मला वाटायचं, काय ही माया! पुढे कायदा समजल्यावर मी धास्तावलो. विचारलं, "म्हणजे शाळेचं अंगण तुमचं झालं की काय?"

"मंग? कोन झाडते? तू झाडतं?"

दुसऱ्या दिवशी मी लवकर येऊन अर्धं आवार झाडलं. तिनं येऊन पाहिलं, कोपऱ्यातली दोन पानं उचलली आणि म्हणाली, "जाऊ दे, अर्धं तुहं." माझ्या नावावर उभ्या आयुष्यात झालेली ती एकमेव स्थावर मालमत्ता.

तर असं हे सगळं ठीक चाललं होतं. मग ड्रोन आलं.

गावोगावच्या घरांची मोजणी करून प्रत्येकाला मालकीचं कार्ड मिळणार होतं. योजना चांगली होती, मी आजही चांगलीच म्हणतो. आधी प्रत्येकानं आपल्या जागेभोवती चुन्याची रेघ मारायची, मग ड्रोन वरून फोटो काढणार. मास्तराला कुठल्याही कामाला जुंपता येतं हे तुम्हाला माहीत आहेच. चुन्याची पोती शाळेत येऊन पडली. मी आणि ग्रामपंचायतीचा शिपाई दोन दिवस घरोघर फिरलो. खराट्याची हद्द जिथे संपते तिथे पांढरी रेघ. पस्तीस घरं, एक भांडण नाही. एवढी बिनतक्रार मोजणी जिल्ह्यात कुठे झाली नसेल.

बुढी माझ्या मागे मागे फिरत होती. "हे कोनाले दिसाले?"

"वरून मशीन बघणार आहे."

"वरून? वरून त्याले काय कळते?"

संध्याकाळी मी सगळ्यांना शाळेसमोर बोलावलं आणि बजावून सांगितलं, "उद्या मोजणीवाले येत आहेत. आपापली जागा नीट दाखवा." हे वाक्य मी बोललो. मीच. ते मला अजून ऐकू येतं.

सकाळी नऊला मी चढ चढून आलो आणि डोक्याला हात लावला. सगळी अंगणं आरशासारखी लख्ख होती. पान नव्हतं, काडी नव्हती, आणि चुन्याची एक रेघ नव्हती. सगळ्या बायांनी पहाटे उठून झाडलं होतं. चुना म्हणजे सांडलेला कचरा, तो हद्दीवर ठेवून कुणी जागा दाखवतं का?

"आजी, हे काय केलं!"

"तूच सांगतलं ना, जागा नीट दाखवा म्हून."

चुना संपला होता. ड्रोनवाल्याला मी हात जोडले, एक दिवस द्या म्हटलं. त्याला आणखी तीन गावं उरकायची होती. "मागून दुरुस्ती होते, सर. अर्ज करायचा." ड्रोन भुणभुणत वर गेलं. बुढी अंगणाच्या मधोमध उभी राहिली, खराटा वर केला आणि त्या किड्याएवढ्या यंत्राला ओरडून सांगू लागली, "हे पाह्य! त्या मोहाच्या झाडापासून इथलोक माहं!"

काही महिन्यांनी नकाशा आला. त्यात घरांची छपरं तेवढी लोकांची होती आणि छपराबाहेरची सगळी जमीन 'रिकामी जागा, ग्रामपंचायत'.

हरकतींची सुनावणी खालच्या गावात होती. बुढी धुतलेलं लुगडं नेसून आली. चौकशीचे साहेब सज्जन होते, खुर्ची देऊन त्यांनी विचारलं, "जागा तुमची कशावरून?"

"रोज झाडतो ना मी."

"कुंपण आहे का?"

"कुंपन ढोराले असते. मानसाले कायले?"

साहेब हसले. म्हणाले, "आजी, झाडून मालकी होत असती तर यवतमाळचे सफाई कामगार अख्ख्या शहराचे मालक झाले असते."

सगळा हॉल हसला. मी पण हसलो, आता लपवून काय उपयोग? बुढी तेवढी हसली नाही. तिनं खरोखर आश्चर्यानं विचारलं, "नाही झाले?"

"नाही."

"मंग थे कायले झाडतात?"

साहेबांनी पुढची फाईल ओढली. पुढचं नाव पुकारलं गेलं.

त्याच सुनावणीत वणीकडच्या एका ट्रकवाल्याचं प्रकरण होतं. त्यानं डोंगराच्या पायथ्याला शेत घेतलं होतं आणि लागून असलेल्या गुरचरणात सिमेंटचे खांब रोवले होते. खांब वरून छान दिसतात. गुरचरण त्याच्या नावावर लागलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिढ्यान्‌पिढ्या रोज दोनदा झाडलेली जमीन रिकामी, आणि एका रात्रीत खांब ठोकलेली मालकीची! आकाशातून पाहणाऱ्याला चोर दिसतो आणि मालक दिसत नाही, हा कुठला न्याय म्हणायचा?

मी सहा अर्ज लिहिले. तालुक्याला खेटे घातले. एका टेबलावरचा म्हणे मुदत गेली, दुसऱ्यावरचा म्हणे मुदत अजून सुरूच झाली नाही.

दरम्यान ग्रामपंचायतीला ओपन जिम मंजूर झाली. सपाट रिकामी जागा हवी होती. पोडावर सगळ्यांत सपाट जागा कुणाची असणार? तिनं ती वर्षानुवर्षं झाडून झाडून तळहातासारखी केली होती. तिथे सिमेंट ओतलं गेलं आणि हिरवी-पिवळी यंत्रं उभी राहिली. त्यात एक यंत्र जागच्या जागी चालण्याचं होतं. जिथल्या बाया डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढतात, तिथे सरकारनं चालण्याचं यंत्र बसवलं! यावर हसावं की दगड घ्यावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बुढी यंत्रांच्या पायांभोवतीही झाडायची. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "आजी, नका झाडू, ही आता सरकारी जागा आहे."

"सरकार येते काय झाडाले?"

मग पोरं यंत्रं मोडतात म्हणून जाळीचं कुंपण आलं, फाटक आलं, कुलूप आलं. किल्ली उपसरपंचाकडे, आणि उपसरपंच खालच्या गावात. बुढीचं दार उघडलं की समोर जाळी. ती भिंतीला घासून मागच्या बाजूनं जा-ये करू लागली. आत पानं साचत गेली. त्या दिवसांत ती दारात बसून जाळीतून नुसतं बघत असायची. एकदा मी जवळ बसलो तर म्हणाली, "मले नाही देलं, जाऊ दे. पन कोनीतं झाडा. थे कोनाचंच नाही राह्यलं."

तिचा आवाज एवढा लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं आणि स्वतःची चीडही आली.

ती तापानं गेली, चार दिवसांत. लेक नदीपलीकडून सकाळीच पोचली. पोडाची रीत अशी की माणसाला त्याच्या स्वतःच्या अंगणात आंघोळ घालून मगच न्यायचं. लेक म्हणाली, "माह्या मायले दुसऱ्याच्या आंगनात नाही धुवू देनार." कुणी जाळी तोडू म्हणालं, तर म्हातारे म्हणाले की पोलीस येतील. मी मोटरसायकल काढली आणि किल्ली आणायला खाली गेलो.

उपसरपंच चहा पीत होता. माणूस वाईट नाही. "मैताले जिम? गुर्जी, सार्वजनिक जागा आहे. तुमी अर्ज द्या, मी किल्ली देतो."

मी तिथेच अर्ज लिहिला. विषय: मयत महिलेस तिच्या घराच्या अंगणात अंतिम स्नान घालण्यासाठी कुलूप उघडून मिळणेबाबत. त्यानं वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे 'तिच्या अंगणात' नोका लिवू. उद्या कोनी हाच कागद घेऊन कोर्टात गेलं तं मी फसलो. 'ग्रामपंचायतीच्या मालकीच्या ओपन जिमच्या जागेत' असं लिवा."

मी त्याच्याशी वाद घातला. पण ऊन चढत होतं आणि वर ती सकाळपासून घरात पडून होती. मी नवा कागद घेतला आणि तो सांगत होता तसं लिहिलं. खाली सही केली. त्यानं शिक्का मारला, किल्ली दिली.

लेकीनं आधी आतलं सगळं झाडलं. चालण्याच्या यंत्रापासून घराच्या दारापर्यंत, एकटीनं, कुणाला हात लावू दिला नाही. मग आईला बाहेर आणलं. तिची आंघोळ झाली आणि तिला नेलं.

लेकीच्या वतीनं मी पुन्हा हरकत घेतली. यावेळी वकिलाकडून तपासून, पोडातल्या सगळ्यांच्या अंगठ्याच्या ठशांसह. मागच्या महिन्यात त्याचं उत्तर आलं. तीनच ओळींचं. सदर जागा ग्रामपंचायतीच्या मालकीची असल्याचे अर्जदाराच्या बाजूने यापूर्वीच लेखी मान्य करण्यात आले आहे, सबब हरकत फेटाळण्यात येत आहे. पुराव्यादाखल सोबत एक झेरॉक्स जोडली होती. अक्षर माझं होतं.